७०/७०० टेलिस्कोपमधून शनी धुरकट दिसत होता, शेवटी जमलं

लक्षण असं, की चंद्र ठीक पण शनी म्हणजे नुसता थरथरणारा पांढुरका डाग, आणि फोकसच्या नॉबला हात लागला की तोही गायब. लेन्स पुसली, मून फिल्टर लावला (उलट अजून अंधार), गच्ची बदलली. दोन महिने डोकं उठलं होतं नुसतं.

चूक सोबत आलेल्या ४ एमएम आयपीस (डोळा लावायची भिंग-नळी) आणि ३एक्स बार्लोची (आयपीसच्या आधी बसणारी, मोठेपणा तिप्पट करणारी लेन्स). टेलिस्कोपची फोकल लेंग्थ ७०० एमएम, भागिले आयपीसचे ४ म्हणजे १७५ पट, त्यावर बार्लो म्हणजे ५२५, आणि पुढच्या ७० एमएम रुंद लेन्सला झेपतं फार तर १४०.

मग काय केलं, तर आधी स्केलने आयपीसची नळी मोजली, ३१.७ एमएम म्हणजे सव्वा इंची, (जुन्या टेलिस्कोपच्या आयपीसची २४.५ असते, ती मापं एकमेकांत बसत नाहीत) आणि त्या मापाचे २५ नि १० एमएमचे प्लॉसल (आयपीसचाच एक प्रकार) घेतले. दिवसा लांबच्या पाण्याच्या टाकीवर फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवला, सूर्याकडे चुकूनही नाही. रात्री टेलिस्कोप अर्धा तास बाहेर ठेवला, २५ ने शनी मधोमध आणला, मग १० लावून सावकाश फोकस. ७० पटीत कडी गोळ्यापासून सुटी दिसली, छोटीशी पण एकदम रेखीव.

बार्लो डब्यात पडलाय.