सर्पदंशाचं संयुक्त प्रशिक्षण: या चुका टाळा

मृगाच्या पेरण्या सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचे पेशंट वाढतात. घोणस चावलेला एक पेशंट आला, की इंटर्न, सिस्टर, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट आणि वॉर्डातले मामा असे सगळेच कामाला लागतात. वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवायला याहून चांगली केस नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आदेश हवेत सोडल्याने. "ब्लड घ्या, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावा" हे पाच जण ऐकतात, पण हलत कुणीच नाही. नाहीतर दोघं मिळून एकच काम करून बसतात. ज्याला सांगायचं त्याच्याकडे बघून सांगा: "ब्रदर, काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्या." त्यांनी तेच परत म्हणायचं: "काचेची ट्यूब, 2 मिली, वेळ 10 वाजून 5." मिलिग्रॅम आणि मिलिलिटरची गल्लत याच परत म्हणण्यात पकडली जाते.

20 मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट, म्हणजे ट्यूबमधलं रक्त तेवढ्या वेळात गोठतं का ते पाहणं, दिसायला सोपी, पण बिघडते सहज. ट्यूब काचेची, स्वच्छ आणि कोरडी हवी. प्लास्टिकची असेल किंवा साबणाचा अंश राहिला असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही सुरू होतं. ट्यूब कुणी मध्येच हलवली, 12व्या मिनिटाला तिरकी करून पाहिली, तरी निकालावर भरवसा राहत नाही. ट्यूबवर चिकटपट्टी लावून पेशंटचं नाव, वेळ आणि लक्ष ठेवणाऱ्याचं नाव लिहा. हे शेवटचं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं.

एएसव्हीचा सुरुवातीचा डोस 10 व्हायल (छोट्या बाटल्या). पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली डिस्टिल्ड वॉटर घालून अलगद फिरवा. जोरात हलवलं तर फेस येतो. एकट्याने 10 व्हायल विरघळवायला फार वेळ लागतो, म्हणून दोघं बसवा. एकाने रिकाम्या व्हायल मोठ्याने मोजाव्यात.

ड्रिप लावण्याआधी मोठ्या माणसासाठी 0.5 मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन (एएसव्हीची ॲलर्जी उठली तर द्यायचं औषध) सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं. ते कपाटात आणि किल्ली भलत्याकडेच, हे सरावाच्या ड्रिलमध्येच उघडं पडलेलं बरं. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ड्रिप बंद करायला सिस्टरने सरांची वाट पाहायची नाही. हा अधिकार ड्रिलच्या आधी सगळ्यांसमोर बोलून द्या. न सांगता तो कुणी वापरत नाही, विशेषतः नर्सिंगच्या विद्यार्थिनी.

ड्रिलनंतरच्या चर्चेत सीनियर डॉक्टर आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात. आधी मामांना विचारा, मग नर्सिंगच्या मुलींना, शेवटी इंटर्नला.

ड्युटी बदलताना पुढची क्लॉटिंग टेस्ट "6 तासांनी" असं तोंडी सांगू नका. केसपेपरवर घड्याळातली वेळ लिहा, ती टेस्ट करणाऱ्याच्या नावासकट.