आग लावायला शिकण्याआधी

माझे बालपण रायगडातल्या भातशेतीत गेले. राब भाजायच्या दिवशी वाऱ्याचा रोख पाहून काडी कोणत्या बांधावरून लावायची हे घरातली वडीलधारी माणसे ठरवीत, आणि ते मी दरवर्षी पाहिलेले होते. तरीही ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरी चार्ल्स डार्विन विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा आग म्हणजे वणवा आणि वणवा म्हणजे नुकसान, एवढेच माझ्या डोक्यात होते.

डार्विनच्या पूर्वेला आर्नहेम लँड ही मूळ रहिवाशांची भूमी आहे. तिच्या पश्चिमेकडच्या खडकाळ पठारावरून विसाव्या शतकात बरीच मूळ रहिवासी कुटुंबे ख्रिस्ती मिशनच्या वस्त्यांकडे आणि शहरांकडे गेली. वेळेवर गवत जाळणारे कोणी उरले नाही, आणि ऑगस्टनंतरच्या कडक उन्हाळ्यात लागलेल्या आगी मैलोन्‌मैल पसरू लागल्या. बार्डायल लॉफ्टी नाजमेरेक यांच्यासारखे जाणते वडीलधारे, तरुण रेंजर, म्हणजे त्या भूमीची राखण करणारे कर्मचारी, आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून वेळेवर गवत जाळण्याची जुनी पद्धत पुन्हा उभी केली. 2006 मध्ये डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी 17 वर्षांचा करार झाला. सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच लहान आगी लावायच्या, पुढच्या मोठ्या आगी रोखून वर्षाला सुमारे 1 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळायचे आणि प्रकल्पाच्या स्वतःच्या उत्सर्जनाची ही भरपाई म्हणून त्याच्याकडून वर्षाला जवळपास 10 लाख डॉलर घ्यायचे, असा तो व्यवहार होता. हिशेबात मोजतात तो मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. जळालेल्या गवताचा कार्बन पुढच्या पावसात नव्या गवतात परत येतो, म्हणून तो धरत नाहीत. नव्या विद्यार्थ्याची पहिली गफलत बहुधा इथेच होते.

माझी गफलत निराळी होती. तिथले बिनिन्ज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांपैकी येगे, म्हणजे साधारण मे-जून, हा आग लावण्याचा काळ. एका संध्याकाळी एका ज्येष्ठ रेंजर बाईंनी उंच गवताची मूठ दाबून पाहिली. शेंडे कुरकुरले, बुडखे मात्र दमट होते. मग त्यांनी ड्रिप टॉर्चमधून जळते थेंब टाकले. ज्वाळा गुडघ्यावर गेली नाही, टोळ टिपायला घारी घिरट्या घालू लागल्या, आणि रात्री दव पडल्यावर ओढ्याकाठी आग आपोआप विझली. दुसऱ्या दिवशी मी उपग्रहाच्या नकाशावर न जळालेले तुकडे ‘काम बाकी’ म्हणून लाल रंगवले. बाई हसल्या. लहान प्राणी त्याच तुकड्यांत आसऱ्याला राहतात आणि मोठी आग आली तर तिला अडवणारी जळकी पट्टी शेजारीच तयार असते, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. नकाशा मी पुन्हा केला.

या कामासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की रेंजरच्या नोकऱ्या प्रामुख्याने त्या भूमीच्या माणसांसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. याच मिळकतीवर दुर्गम वस्त्यांतली कुटुंबे आपल्या जमिनीवर टिकून आहेत. त्याच पठारावरच्या काबुलवार्नाम्यो वस्तीत 2015 मध्ये शाळाही उभी राहिली. बाहेरच्याला वाव आहे तो नकाशे, वनस्पतींची मोजणी, कार्बनचा हिशेब आणि समन्वयाच्या कामात. त्यासाठी गिअरची फोर-व्हील गाडी चालवता यावी, प्रथमोपचार यावेत आणि आर्नहेम लँडमध्ये पाऊल टाकण्याआधी मूळ रहिवाशांच्या जमिनींचे काम पाहणाऱ्या नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना हातात असावा. दूरवर आग लावण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्यांत ग्लायकॉल टोचून त्या खाली सोडतात, आणि त्या थोड्या वेळाने पेटतात. ते पाहायला रोमांचक असते, पण पहिल्या हंगामात आपल्या वाट्याला बहुधा गोळ्यांची खोकी उचलणेच येते. शक्यतो एप्रिलमध्येच पोहोचावे, म्हणजे शेवटच्या वादळांनी आडवे पाडलेले गवत वाळताना रोज हाताने चाचपता येते.