गोधडीच्या मापाचे समाजघर

वाडीत समाजघर बांधायचे ठरले की बहुधा चार भिंती, वर पत्रा आणि पुढे शटर एवढेच उभे राहते, आणि लग्नकार्य किंवा सभा सोडली तर ते वर्षभर कुलूपबंद असते. शेजारणींनी रोज दुपारी तिथे यावे असे वाटत असेल, तर ते एखाद्या कामाभोवती आखावे. त्यासाठी गोधडी फार सोयीची, कारण जुनी लुगडी आणि सुईदोरा घरोघर असतो व एका गोधडीवर चौघीजणी सहज बसतात.

पहिले माप लुगड्याचेच घ्यावे. नऊवार म्हणजे 27 फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट होते, आणि पन्हा चार फुटांच्या आतबाहेर असतो. ही घडी जमिनीवर अंथरून बायकांना भोवती मांडी घालून बसवावे आणि त्यांच्या पाठीमागे खडूने रेघ ओढावी. प्रत्येक बाजूला अडीच फूट धरले तर एका गोधडीला साधारण 9 बाय 12 फूट जागा लागते. दोन गोधड्या आणि मधे तीन फुटांची वाट धरून खोली 21 बाय 12 फुटांची होते.

खिडक्या उत्तरेला घ्याव्यात, म्हणजे दिवसभर सौम्य उजेड मिळतो. मात्र त्यांची खालची कड जमिनीपासून फूटभरच उंच ठेवावी. नेहमीच्या तीन फुटांवरच्या खिडकीचा उजेड खाली बसलेल्या बाईच्या डोक्यावरून जातो आणि धावदोऱ्याचा टाका अंधारातच राहतो. पश्चिमेची भिंत बंद ठेवावी. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला छप्पर तीन फूट पुढे काढावे. छपराला कौलेच घालावीत, कारण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही, आणि गप्पा थांबल्या की सुईही फार वेळ चालत नाही. जमिनीला चकचकीत टाइल लावू नये. तिच्यावर कापडाचे थर सरकून सुरकुततात. शहाबादी फरशी बरी.

रस्त्याच्या बाजूला दीड फूट उंचीचा ओटा आणि खोलीत उघडणारे रुंद दुपाखी दार ठेवले, तर भाजी घेऊन जाणारी बाई आधी ओट्यावर टेकते, मग आत डोकावते आणि पुढे आपसूक सुई हाती घेते. पाणी आणि स्वच्छतागृह मात्र पहिल्या दिवसापासून हवे. किल्ली कार्यालयाच्या कपाटात न ठेवता लगतच्या घरातल्या खुंटीवर टांगावी.