जुनी कॅम्पर व्हॅन फोर बाय फोर करताय? या चुका टाळा

पावसाळा सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. "ट्रॅव्हलर घेतलीय, आत बेड, ओटा, सोलर सगळं झालंय. आता फक्त फोर बाय फोर करायचीय. पंधरा दिवसांत होईल ना? दिवाळीच्या सुट्टीत स्पितीला जायचंय." माझं सगळं भांडण त्या 'फक्त'शी आहे. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. पंधरा दिवसांत पुढचा ॲक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा आणि फिरवणारा सांगाडा, गाडीखाली बसतो, इतकंच. त्या गाडीत बायकापोरांना बसवून घाट चढायला अजून बरंच काम बाकी असतं, आणि चुका होतात त्या नेमक्या त्या उरलेल्या कामात.

भांडुपच्या शेडमध्ये मी अशा गाड्या करतो. त्याहून जास्त वेळ जातो दुसऱ्यांनी अर्धवट केलेल्या गाड्या निस्तरण्यात. तेच ते घोळ वर्षानुवर्षं बघून आता लिहायला बसलोय.

आधी कागद, मग ग्राइंडर

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घ्या. आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं, आणि बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे, ताडदेव असो, अंधेरी, वडाळा की बोरिवली, तिथे काम सुरू करण्याआधी लेखी अर्ज करा. "नंतर बघू, आपली ओळख आहे" असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. परवानगी मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर ही गाडी विकून कारखान्यातूनच फोर बाय फोर निघालेली गाडी घ्या आणि तिच्यात बेड बसवा. विमा कंपनीलाही आधीच कळवा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर खाली वाकून बघतोच.

गाडी रिकामी असताना मोजमाप

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. शेडमध्ये आतलं लाकूडकाम काढलेलं, टाकी कोरडी, बॅटऱ्या बाहेर, आणि मिस्त्री टेप लावून शाफ्टची, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीची, लांबी काढतोय. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो होतात. त्यावर दोन बॅटऱ्या, प्लायचे बेड, गॅस, सामान आणि चार माणसं. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग, बसतात, पुढचे बसतात, आणि शेडमध्ये काढलेलं एकही माप रस्त्यावर खरं उरत नाही.

माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीत मी हेच केलं होतं. पुढच्या शाफ्टचा स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता जोड, रिकाम्या गाडीत मस्त आतबाहेर होत होता. गाडी भरली आणि कसारा घाटाच्या अलीकडे एका गतिरोधकावर जरा जोरात गेली. 'ठक्' असा आवाज आला, एकदाच. स्लिप जॉइंट पूर्ण आत जाऊन टेकला होता. शाफ्टला अजून आखूड व्हायला जागा उरली नाही, म्हणून त्याने ट्रान्सफर केसला, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याला, मागे दणका दिला. खाली वाकून बघितलं तर पुढच्या तोंडाशी केसाएवढी चीर, आणि त्यातून ऑइलचा थेंब थेंब थेट सायलेन्सरवर. आग लागली नाही हे नशीब. तो ट्रान्सफर केस मी अजून शेडच्या दाराशी ठेवलाय, आणि नवीन पोरं कामाला आली की पहिल्या दिवशी त्या चिरेवरून त्यांना बोट फिरवायला लावतो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. गाडी प्रवासाला निघते तशी पूर्ण भरायची, टाकी काठोकाठ. मग भिवंडी बायपासला ट्रकवाल्यांच्या काट्यावर न्यायची. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, असं दोन्ही ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्यायचं. मग तशीच भरलेली गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करून मापं घ्यायची. जॅकवर उचललेल्या गाडीची मापं मी वहीत लिहूच देत नाही. शेवटी पाट्यांपैकी फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढायचे आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे तो वर जाऊन टेकतो त्या रबरापर्यंत, दाबायचा. क्राउन-पिनियनचं हाउसिंग (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) इंजिनच्या सम्पला (खालच्या ऑइलच्या टाकीला) लागतंय का, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवल्यावर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची चाकाकडे जाणारी दांडी) कुठे घासतेय का, ब्रेकचा पाइप ताणतोय का, हे सगळं तिथे कळतं. या कामाला अख्खा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक हाच दिवस वाचवायला सांगतं.

पाचर मारून अँगल 'सरळ' करणं

मुलुंडचे एक काका आले होते. निवृत्त, बायकोला घेऊन देश बघायचा म्हणून जुनी ट्रॅव्हलर घेतलेली, फोर बाय फोर दुसरीकडे करून आणलेली. तक्रार एकच. ५५ ते ६५ च्या वेगात गाडी थरथरते, इतकी की काकूंच्या मांडीवरचा डबा घसरतो. काकांनी चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं होतं, इंजिनची माउंटिंग बदलली होती, कुर्ल्याला नेऊन शाफ्ट बॅलन्स करून आणला होता. हजारो रुपये गेले, थरथर तशीच.

मी खाली गेलो आणि मागच्या ॲक्सलच्या पाट्यांवर लोखंडी पाचर दिसली. पिनियनचं, म्हणजे ॲक्सलमधल्या शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरचं, तोंड वर उचलून थेट ट्रान्सफर केसकडे वळवलेलं. शाफ्ट आणि पिनियन एका रेषेत. दिसायला फार सुबक, आणि ट्रान्सफर केसच्या टोकाला एकच क्रॉस, म्हणजे वाकता सांधा, असलेल्या शाफ्टसाठी साफ चूक.

का, ते सांगतो. साधा क्रॉस तिरका फिरतो तेव्हा एकसारखा वेग पुढे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच अंशात असेल आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील, तर हा चढउतार तिथे बरोबर फिटतो. म्हणून ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर लागतात. पिनियनचं तोंड थेट ट्रान्सफर केसकडे ठेवायचं असतं ते वरच्या टोकाला डबल क्रॉस असलेल्या शाफ्टला. कुठल्या तरी लिफ्ट केलेल्या जीपखाली ती पाचर बघायची आणि आपल्या गाडीत ठोकायची, तिथे सगळं बिघडतं.

चुंबकाचा अँगल मीटर लावला. ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसला साडेपाच अंश, पिनियनकडच्याला अर्धा. म्हणजे एका टोकाचा हिसका फेडायला दुसऱ्या टोकाला काहीच नाही. हिशेब करून बघा. चाकाचा घेर सव्वादोन मीटर आणि क्राउन-पिनियनचा रेशो ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.११ फेरे, धरला, तर ६० च्या वेगात शाफ्ट सेकंदाला तीस फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे सेकंदाला साठ. बॅलन्सिंगने हे जात नाही, कारण वजनाचा दोष फेऱ्याला एकदाच हलवतो. आणि अंश दुप्पट झाला की हिसका चौपट होतो, म्हणून गाडी तीन इंच उचलायचा हट्ट आणखी महागात पडतो.

मागचा क्रॉस काढला. कप पुसून उजेडात धरला तर क्रॉसच्या चारही टोकांवर बेअरिंगमधल्या सुयांच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या, कुणी पट्टी ठेवून ओढाव्यात तशा. जवळजवळ सरळ रेषेत फिरल्यामुळे सुया जागच्या हलल्याच नव्हत्या, एकाच जागी मार खात बसल्या होत्या. क्रॉसला निदान एक अंश तरी तिरकेपणा लागतो, तो यासाठी.

पाचर काढली, गाडी एक इंच खाली आणली, पिनियन समांतरच्याही एक अंश खाली ठेवला. जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं, तेव्हा ते बरोबर जागेवर येतं. शाफ्टच्या नळीवर खडूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ मारून दोन्ही योक तिच्यावर येतात का ते पाहिलं. आणि शाफ्टखाली लोखंडी कडी लावली, जी आधीच्या कामात नव्हतीच. चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं. ती कडी लावल्याशिवाय माझ्या शेडमधून गाडी बाहेर जात नाही. आठवड्याने काकूंचाच फोन आला. डबा जागेवर होता.

पुढचा-मागचा रेशो 'साधारण सारखा'

साधारण सारखा असं काही नसतं. कल्याणचा एक मुलगा भंगारातून पुढचा ॲक्सल घेऊन आला. विकणारा म्हणाला, "दोन्ही चार पॉइंट काहीतरीच आहेत, चालतंय." मागे क्राउनला ३७ दात आणि पिनियनला ९ दात, म्हणजे ४.११. पुढे ४१ आणि ९, म्हणजे ४.५६. एक ॲक्सल १०० मीटर जातो तेव्हा दुसऱ्याला जवळजवळ १११ मीटर जायचं असतं. चिखलात चाक घसरून हा फरक फेडतं. डांबरावर फेडायला जागाच नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. त्याचा लिव्हर फोर बाय फोरमध्ये अडकला आणि घोडबंदर रोडवर क्रॉस तुटला. मागून ट्रक येत होते. तो मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसून पाणी प्यायला तेव्हाही त्याचा हात कापत होता.

विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, मोजा. एक चाक दगड लावून घट्ट ठेवा, दुसरं हवेत. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. मोकळं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. चाक एकच फेरा फिरवून मोजलं तर निम्मा आकडा येतो, तिथेही लोक फसतात. आणि "टायर लहानमोठा करून जमवू" हे माझ्यासमोर बोलू नका.

रेशो तंतोतंत असला तरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकायचा नाही, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात. ओला काँक्रीट रोड म्हणजे चिखल नव्हे. लिव्हर अडकलाच तर ओढू नका, सरळ रेषेत थोडी गाडी मागे घ्या, पीळ उतरतो.

जिप्सीचा ट्रान्सफर केस सगळ्यांना लावणं

मोह का होतो ते मला कळतं. तो गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मधे एक छोटा शाफ्ट, म्हणून कुठेही टांगता येतो. पण १.३ लिटरच्या जिप्सीत तो साध्या चालीतही एकास एक नसतो, १.४ च्या आसपास असतो. आपल्या व्हॅनचा मूळ डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा संच) तसाच ठेवून हा मधे घातलात तर आज ज्या आरपीएमला ८० जाता, त्याच आरपीएमला ५७ वर याल. शिवाय जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, आणि त्या हिशेबाचे गिअर अडीच-तीन टनांच्या डिझेल व्हॅनखाली किती टिकणार? मारुती ओम्नीला लावा, ट्रॅव्हलरला नको. शक्यतो गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सल एकाच गाडीचे घ्या. महाग पडतं, पण नंतर रात्री झोप लागते.

बाकीचं थोडक्यात.

मुंबईच्या खाऱ्या हवेतली जुनी चॅसी रंगावर जाऊन तपासू नका. पाट्यांच्या हँगरपाशी हातोडीने ठोकत जा, 'टण्' आलं तर ठीक, 'थप्' आलं तर आधी तिथलं काम.

पुढचा ॲक्सल आणि पाटे यांच्या मधे ठोकळे घालून गाडी उचलायची नाही. ब्रेक मारल्यावर ठोकळा लोळतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा.

मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडी उचलल्यावर त्याची दांडी पुन्हा सेट करा, नाहीतर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

डिफरन्शियलचं जीएल-५ ऑइल डोळे मिटून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होतात.

आणि ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आतबाहेर होऊ देणारी वाट. पन्नास रुपयांचा रबरी पाइप लागतो आणि दहापैकी आठ गाड्यांना तो नसतो. ॲक्सल चालून तापलेला असतो. मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यात गाडी घातली की तो एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे, शिवाय ट्रान्सफर केसचा, असे तीन पाइप वर केबिनच्या उंचीला आणून बांधा. पाण्यातून गाडी गेलीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, खालचा बूच अर्धा फेरा सैल करा. पाणी जड, रात्रभरात तळाशी बसतं, म्हणून आधी तेच बाहेर येतं. बोटावर घेऊन बघा. काळं-सोनेरी ऑइल आलं तर बूच आवळा. पाणी किंवा दुधाच्या चहासारखं काही आलं तर सगळं ऑइल त्याच दिवशी बदला.