रास खरंच वाढली का? केळीच्या बागेतली गृहीतक चाचणी

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात कोणी नवीन खत सोडलं की पहिला प्रश्न एकच, ‘रास (म्हणजे घडाचं सरासरी वजन) किती पडली?’ दुकानदाराच्या मते घडामागे किलो-दीड किलो कुठेच गेलं नाही. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि भावाची केळी आहे, म्हणून हा प्रश्न जेवताना माझ्याच ताटात येऊन पडतो.

पहिलं काम बागेतलं. गेल्या वर्षीच्या राशीशी तुलना करू नका. तेव्हाचं ऊन वेगळं, पाणी वेगळं. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) कांदेबागेशी (पावसाळ्यानंतरची लागवड) तर नकोच. एकाच बागेत जोड्या निवडा. जोडीतली दोन झाडं साधारण सारखी हवीत आणि मध्ये एक झाड सोडलेलं हवं, म्हणजे एकाच्या आळवणीचा (मुळाशी ओतलेल्या खताच्या पाण्याचा) वाटा दुसऱ्याच्या मुळांना मिळणार नाही. दोघांतल्या कुणाला खत द्यायचं ते नाणं उडवून ठरवा. नजरेवर सोडलंत तर हात आपसूक जोमदार झाडाकडे जातो. भावाचा जातोच.

आता शून्य गृहीतक लिहा : खताने काही फरक पडत नाही, जोड्यांमधल्या वजनाच्या फरकाची सरासरी शून्य. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं, कारण दाखवायची असते ती वाढ. पण ‘फरक शून्य’ धरला तरच निव्वळ योगायोगाने किती फरक दिसेल हे मोजता येतं. ‘थोडी वाढ होते’ असं धरून गणित कसं मांडणार? थोडी म्हणजे किती?

सार्थकता पातळीही काटा लावण्याआधीच ठरवा. ५ टक्क्यांची रेघ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून मांडली आणि ती रूढ झाली. तिचा अर्थ असा की खत निरुपयोगी असतानाही त्याला ‘गुणकारी’ म्हणून बसण्याची चूक १०० पैकी ५ वेळा होईल, आणि तेवढी आपण चालवून घेऊ. चाचणी एकतर्फी (फक्त वाढ तपासणारी) की दुतर्फी (वाढ आणि घट दोन्ही तपासणारी), हेही आत्ताच. मी दुतर्फी घेते. खताचा मारा जास्त झाला तर घड हलकाही भरू शकतो.

समजा २५ जोड्या कापल्या. खताचे घड सरासरी १.२ किलोने भारी निघाले, फरकांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, ३ किलो. ३ ला २५ च्या वर्गमुळाने भागा : प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी योगायोगाने साधारण किती हलते ते, ०.६. मग टी म्हणजे १.२ भागिले ०.६, बरोबर २. कोष्टकात २४ स्वातंत्र्य मात्रांपुढे (जोड्यांपेक्षा एक कमी) ५ टक्क्यांची सीमा आहे २.०६४; टी तिच्यापलीकडे गेला तरच शून्य गृहीतक नाकारायचं. (छोट्या नमुन्यांचं हे गणित गिनेसच्या बिअर कारखान्यातल्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं.) आपलं पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, साधारण ०.०५७; हवं होतं ०.०५ च्या खाली. जरासं हुकलं.

इथेच माणसं घसरतात. एकतर्फी चाचणी लावली की पी-मूल्य निम्मं होतं आणि खत ‘पास’. पण आकडे बघून बाजू बदलली तर ५ टक्क्यांची ती रेघ ५ ची राहतच नाही. दुसरीकडे, ‘खत कुचकामी ठरलं’ हेही चूक. शून्य गृहीतक नाकारायला पुरावा अपुरा पडला, एवढंच. आणि ०.०५७ म्हणजे खत निरुपयोगी असण्याची शक्यता ५.७ टक्के, असं तर मुळीच नाही. फरक शून्य असता तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची ती शक्यता आहे.

म्हणून मी भावाला आधी विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकतो तो पट्टा, काढायला लावते. १.२ मधून २.०६४ गुणिले ०.६ वजा करा, मग तेवढेच मिळवा : उणे ०.०४ ते २.४४ किलो. ही रीत वारंवार वापरली तर १०० पैकी सुमारे ९५ अंतरालांत खरा फरक सापडतो. शून्य जेमतेम आत आहे, म्हणूनच चाचणी हुकली. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी १७४२ झाडं बसतात. म्हणजे एकरी फायदा जवळपास शून्यापासून ४२ क्विंटलपर्यंत कितीही असू शकतो. एवढ्या रुंद उत्तरावर अख्ख्या बागेचं खत घेऊ नये.

अंतराल निम्मं करायचं तर जोड्या चौपट लागतात. १०० जोड्यांत सरासरी आणि विचलन तेच राहिलं तर अंतराल साधारण ०.६ ते १.८ किलो येईल. खालचं टोक धरलं तरी एकरी दहा क्विंटल. खताचा एकरी खर्च दहा क्विंटल केळीच्या भावात बसत असेल तर घ्या, नाहीतर दुकानदाराला नमस्कार.