आल्प्समध्ये मुलांसह स्कीइंग? आधी शाळेचं अंतर बघा

माहितीपत्रकातले शेकडो किलोमीटरचे उतार विसरा. पहिल्यांदाच स्की बांधणारी पोरं आठवडाभर एकाच सोप्या उतारावर घसरत असतात. बघायचं ते हॉटेलपासून स्की शाळेचं अंतर. जड बूट घातलेलं रडवेलं पोर आणि तुमच्या खांद्यावर दोघांच्या स्की, म्हणजे ३०० मीटरही जीव काढतात. फ्रान्समधलं आव्होरियाझ (१८०० मीटर) मोटारमुक्त आहे. स्वित्झर्लंडमधलं वेंगेनही तसंच, तिथे लाउटरब्रुनेनहून दातेरी चाकांच्या, चढावरच्या रेल्वेनं जावं लागतं. ऑस्ट्रियातल्या सेर्फाउसमध्ये तर गावाखालून भुयारी गाडी धावते, तीही फुकट! मार्च-एप्रिलमध्ये जाणार असाल तर उंचावरचंच गाव घ्या, खाली बर्फाचा चिखल होतो. आणि सर्वांत सोपे, हिरव्या खुणेचे उतार फ्रान्समध्ये असतात. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात सर्वांत सोपा उतार निळा.