सीटेस्टला टेस्ट सापडतच नव्हत्या, माझा अनुभव

सीमेकच्या (कोड बिल्ड करण्याची तयारी करणारं टूल) प्रोजेक्टमध्ये टेस्ट लिहिल्या, बिल्ड पण नीट झाला, पण बिल्ड फोल्डरमधून सीटेस्ट (सीमेकसोबत येणारं, टेस्ट चालवणारं टूल) चालवलं की "नो टेस्ट्स वेअर फाउंड" एवढंच यायचं. ॲड_टेस्टच्या (टेस्ट नोंदवणाऱ्या) ओळी तर समोर दिसत होत्या! दोन तास नावं, पाथ सगळं तपासलं, कॅशे उडवून परत कॉन्फिगर केलं, तरी तेच. मग सहज बिल्डच्या आतल्या टेस्ट्स फोल्डरमध्ये जाऊन सीटेस्ट चालवलं तर सगळ्या टेस्ट धावल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी एनेबल_टेस्टिंग() ही टेस्टिंग चालू करणारी ओळ आतल्या फोल्डरच्या सीमेकलिस्ट्समध्ये (सीमेकच्या सूचनांची फाइल) टाकली होती, त्यामुळे टेस्टची यादी असलेली सीटेस्टटेस्टफाइल.सीमेक तिथेच तयार होत होती आणि सीटेस्ट ती बिल्डच्या रूटमध्ये शोधत होतं. ती ओळ उचलून सगळ्यात वरच्या सीमेकलिस्ट्समध्ये टाकली, आतला फोल्डर जोडणाऱ्या ॲड_सबडिरेक्टरीच्या आधी बरं का, नंतर टाकली तर आतल्या टेस्ट धरल्या जात नाहीत.

खरी धास्ती वेगळीच होती, एकही टेस्ट न सापडता सीटेस्ट एक्झिट कोड 0 (म्हणजे 'सगळं ठीक') देत होतं म्हणून सीआय (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) इतके दिवस हिरवं दिसत होतं. आता कमांडमध्ये --नो-टेस्ट्स=एरर लावलंय, म्हणजे टेस्ट सापडल्या नाहीत तर एरर येतो, तुम्ही पण आजच लावा.